नापास करणाऱ्या शकूताई

माझं आणि शकूताईंचं पहिलं बोलणं म्हणजे भांडणच होतं. त्यात चूक माझी होती, हे कबूल करायला मला तीन आठवडे लागले.

सांगलीच्या विश्रामबागेत माझं झेरॉक्सचं दुकान आहे. आजूबाजूला कॉलेजं, कचेऱ्या, क्लास. त्यामुळे दिवसभर कुणाला ना कुणाला कशाची तरी प्रत हवीच असते. एके दिवशी दुकानाशेजारच्या कडुनिंबाखाली एक जुनी पांढरी व्हॅन येऊन उभी राहिली. मागच्या काचेवर हिरव्या अक्षरांत ‘पीयूसी केंद्र’ लिहिलेलं. तुमच्या गाडीचा धूर प्रमाणात आहे, असा दाखला इथे मिळणार होता. मला बरं वाटलं. पीयूसी म्हणजे माझ्या लेखी पोलिसाने अडवल्यावर दाखवायचा कागद, आणि तो आता हाताच्या अंतरावर आला होता. मी मोबाईलवर स्कूटरच्या नंबरप्लेटचा फोटो काढला आणि व्हॅनच्या खिडकीत डोकं घातलं.

आत एक पन्नाशीच्या बाई बसल्या होत्या. साडीवर पुरुषी खाकी शर्ट, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. समोर संगणक, शेजारी ते यंत्र आणि गुंडाळून ठेवलेली त्याची लांबलचक नळी.

“एक पीयूसी द्या,” मी पानपट्टीवर मागावं तसं म्हणालो.

“गाडी कुठाय?”

“ही काय, फोटो आणलाय.”

त्यांनी चष्मा डोळ्यावर चढवला. फोटो नीट पाहिला. मग माझा मोबाईल कानाला लावला, मग नाकाशी नेला, आणि मला परत दिला.

“आवाज न्हाई, वास न्हाई. ही गाडी धूरच सोडत न्हाई भाऊ, हिला पीयूसी लागतंय कशाला? रस्त्यावर पळती ती घिऊन या.”

मी तावातावाने स्कूटर ढकलत आणली. त्यांनी नळीचं टोक सायलेन्सरमध्ये खुपसलं आणि म्हणाल्या, “रेस द्या.” मी जरा पिळली. “पुरी द्या. लाजताय काय? रोज बायकापोरांच्या तोंडावर सोडताय तवा लाजत न्हाई.” स्कूटर नापास झाली. मी म्हणालो, अहो, बाकी सगळीकडे नुसत्या फोटोवर देतात. त्यावर त्यांनी नापासाची चिठ्ठी छापली, खिशातून बॉलपेन काढलं आणि खाली हाताने दोन ओळी लिहिल्या. कारण : रिंगा झिजल्या, ऑइल जळतंय. उपाय : रिंगा बदला, आज बदला.

नापासाच्या प्रत्येक चिठ्ठीवर त्या अशा दोन ओळी लिहीत. तसा नियम काही नव्हता. यंत्र फक्त आकडे देतं. पण नुसतं नापास म्हणून सोडून देणं त्यांना अर्धवट काम वाटे. शाळेत त्यांना एक मास्तर होते म्हणे, गणित चुकलं की पाटीवर नुसती फुली मारून पाटी परत द्यायचे. “कुठं चुकलं त्ये सांगायचंच न्हाईत. म्या तवाच ठरिवलं, फुली मारली तर खाली कारण लिवायचं.”

मी रागाने तीन आठवडे त्यांच्याकडे पाहिलंही नाही. गंमत अशी की या तिन्ही आठवड्यांत त्यांचा संगणक चालत होता माझ्याच विजेवर. पहिल्याच दिवशी बायकोने परस्पर त्यांना दुकानातून वायर दिली होती. शेवटी इंजिनातल्या पिस्टनच्या रिंगा बदलून आणल्या. गाडी पास झाली, तेव्हा मला दहावी झाल्यासारखा आनंद झाला आणि तो लपवताही आला नाही. शकूताई नळी गुंडाळत म्हणाल्या, “बगा, आता तुमी मागनं बी चांगले दिसताय.”

शकूताई मूळच्या खंडाळा तालुक्यातल्या, घाटाच्या पायथ्याच्या एका वस्तीवरच्या. वडील ट्रकवर ड्रायव्हर. ट्रक चढाला लागले की पहिल्या गिअरमध्ये रडत वर जात आणि त्यांचा सगळा धूर वस्तीवर उतरे. तारेवर वाळत घातलेलं धुणं आई सकाळी एकदा धुवायची आणि संध्याकाळी झटकून पुन्हा एकदा. वडील अंगणात बसून लेकीला धूर शिकवायचे. काळा दिसला तर डिझेल पुरतं जळत नाही, फिल्टर बघ, पंप बघ. निळा दिसला तर ऑइल जळतंय. पांढरा सुटतच राहिला तर पाणी आत चाललंय. सहा-सात वर्षांची ही मुलगी घाट चढणाऱ्या ट्रककडे बोट दाखवून कुठल्याचं काय बिघडलंय ते सांगायची, आणि खालच्या ढाब्यावरचे ड्रायव्हर तिला चहा पाजायचे.

तेच वडील पुढे दम्याने गेले. उशाला तीन उशा घेऊन, बसल्या बसल्या. बिडी कधी ओढली नाही, दारूला शिवले नाहीत. शकूताई हे सांगताना कधी रडल्या नाहीत. उलट आवाज चढायचा. “डॉक्टर म्हनला, धुळीचा दमा हाय. म्या म्हनलं, धुळीचा न्हवं, ज्याचा हाय त्याचं नाव लिवा की. त्यो म्हनला, तसा रकानाच नसतो.” रकाना नसतो, या गोष्टीची चीड त्या बाईने जन्मभर सांभाळली. मला वाटतं, त्यांच्या सगळ्या हट्टाचं मूळ तिथेच होतं.

आयटीआयला त्या डिझेल मेकॅनिकच्या वर्गात एकट्या मुलगी. नंतर वीस-बावीस वर्षं निरनिराळ्या गॅरेजांत काढली. लग्न करून सांगलीत आल्या, नवरा शांत माणूस, सूतगिरणीत होता. तो लवकर गेला. मुलगी शिकून पुण्याला लागली. व्हॅनच्या डॅशबोर्डवर बुद्धाची एक बोटभर उंचीची मूर्ती होती. सकाळी आल्यावर त्या फडक्याने आधी तिच्यावरची काजळी पुसायच्या आणि ते फडकं मला आणून दाखवायच्या. “बगा भाऊ. कालच्या सकाळपास्नं आजच्या सकाळपर्यंत. त्ये बिचारं डोळं मिटून बसलंय म्हनून, न्हाईतर उठून गेलं असतं.”

गाडी दुरुस्त करायला नाखूश असलेल्यांसाठी त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. समोरचा म्हणायचा, ताई, एवढ्यात कुठे बदलत बसू, चालतंय की. मग त्या चष्मा काढायच्या. “आमच्या आज्ज्यानं धर्म बदलला. तुमास्नी एक फिल्टर बदलवंना?” लोक मान खाली घालून गॅरेज कुठे आहे ते विचारायचे.

असं असूनही त्यांच्याकडे गिऱ्हाईक फार नसायचं. असणार कसं? पलीकडच्या चौकात एक केंद्र होतं. तिथे एक नवीकोरी स्कूटर कायम स्टँडवर उभी असे. यंत्राची नळी सकाळी तिच्यात जायची ती संध्याकाळीच बाहेर यायची. गाड्या येत, नंबरप्लेटचा फोटो होई, आकडे त्या नव्या स्कूटरचे लागत, आणि सगळे पास होऊन घरी जात. शकूताई तिला ‘जामीन स्कूटर’ म्हणायच्या. “आख्ख्या गावाचा श्वास ती एकटी घेती. तिचा सत्कार करायला पायजे.” एकदा खरोखरच त्या हार घेऊन गेल्या आणि स्कूटरच्या हँडलला घालून आल्या. केंद्रवाल्याने दिवसभर तो हार काढला नाही. त्याला वाटलं, कुणा गिऱ्हाइकाने नवी गाडी समजून घातला.

एक जीपवाला आठवतो. म्हसवडच्या यात्रेला माणसं घेऊन निघाला होता. वाटेत कुणीतरी पीयूसी संपल्याचं लक्षात आणून दिलं, म्हणून घाईघाईने आमच्या झाडाखाली थांबला. जीपमध्ये डझनभर माणसं, मागे शिडीवर दोघे, टपावर नारळाचं पोतं. रेस दिली तर असा काळा लोट निघाला की माझ्या दुकानातल्या पांढऱ्या कागदांवर मी आडवा पडलो.

“नापास,” शकूताई म्हणाल्या.

“आवं मावशी, देवाला चाललोय!” जीपवाला कळवळला. “सिद्धनाथाला!”

“देवाला चाललाय तर त्याच्या तोंडावर ह्ये सोडत जानार व्हय? बॉनेट उघडा.”

यात्रेकरू उतरले. शकूताईंनी एअर फिल्टरचं झाकण काढलं आणि आतला फिल्टर बाहेर ओढला. तो गुलाबी होता. गच्च, ओलसर, गुलाबी. दरवर्षी रथाच्या दिवशी हा पठ्ठ्या जीप थेट गर्दीच्या तोंडाशी नेऊन लावायचा, पुण्य मिळतं म्हणून बॉनेट उघडं ठेवून इंजिनावर गुलाल-खोबरं उधळून घ्यायचा, आणि प्रसाद आहे म्हणून वर्षभर कुणाला इंजिनाला हात लावू द्यायचा नाही. फिल्टरच्या घड्यांत खोबऱ्याचे तुकडेसुद्धा निघाले.

“हिला वाराच जाईना आत,” शकूताई म्हणाल्या. “तुमच्या नाकात कुनी मूठभर गुलाल कोंबला तर तुमी कसला धूर सोडाल?”

जीपवाला कसनुसा झाला. “पन मावशी, प्रसाद हाय. टाकू कसा?”

मग त्यांनी एक वर्तमानपत्र मागितलं. त्यावर फिल्टर हलक्या हाताने आपटून सगळा गुलाल उतरवून घेतला, पुडी बांधली आणि त्याच्या खिशात ठेवली. “देव तुमच्या खिशात. नवा फिल्टर गाडीत. दोघं आपापल्या जागंवर.” शेजारच्या दुकानातून फिल्टर आला, त्यांनी स्वतःच्या हाताने बसवला, जीप पास झाली. यात्रेहून परतताना तो माणूस मुद्दाम थांबून नारळ देऊन गेला. बॉनेट बंद होतं, हे शकूताईंनी नारळ घेण्याआधी पाहून घेतलं.

आता शाळेच्या बसची गोष्ट सांगायला हवी. ती सांगताना माझीही शोभा होणार आहे, पण इलाज नाही.

आमच्या समोरच एक शाळा आहे. शाळा सुटायच्या वेळी पिवळ्या बसेस आमच्या बाजूला येऊन उभ्या राहायच्या. त्यांतली एक फार जुनी होती. ड्रायव्हर इंजिन बंद करायचा नाही, कारण एकदा बंद केलं तर पुन्हा सुरू होईल याची त्याला खात्री नव्हती. पोरं रांगेत उभी असायची ती नेमकी तिच्या सायलेन्सरच्या तोंडाशी. पहिली-दुसरीतल्या पोरांची उंची आणि सायलेन्सरची उंची सारखीच असते, हे मला शकूताईंनी दाखवलं तेव्हा कळलं. त्याआधी कित्येक वर्षं मी ते रोज पाहत होतो. त्या जाऊन ड्रायव्हरच्या दारावर थाप मारायच्या, “बंद करा!” तो हसून हात हलवायचा.

एके दिवशी तीच बस पीयूसीसाठी झाडाखाली आली. चौकातल्या केंद्राचं यंत्र त्या दिवशी बिघडलं होतं, एवढंच कारण. बसेस एका ठेकेदाराच्या होत्या. त्याला सगळा परिसर आबा म्हणे. पतसंस्थेत आबा, गणपती मंडळात आबा, वाढदिवसाच्या फलकावर आबा. ड्रायव्हर म्हणाला, “आबांनी सांगितलंय, टेस्टबिस्ट नको, नुस्ती प्रिंट काढा.”

“रेस द्या,” शकूताई म्हणाल्या.

त्याने पाय टेकवल्यासारखा केला. शकूताई साडी खोचून केबिनमध्ये चढल्या, त्याला बाजूला सारलं आणि स्वतः अॅक्सिलरेटर पार खालपर्यंत दाबला. पुढच्या मिनिटभरात कडुनिंब दिसेनासा झाला. बस नापास. कारण : पंप आणि नोझल कामातून गेले. उपाय : दुरुस्त होईपर्यंत पोरं बसवू नका.

दुसऱ्या दिवसापासून व्हॅनकडे येणारी थोडीफार गिऱ्हाइकंही आटली. कोण काय बोललं कळत नव्हतं, पण ‘ती बाई मुद्दाम नापास करते’ हे वाक्य मी तीन वेगवेगळ्या तोंडांतून जसंच्या तसं ऐकलं. बस मात्र कुठून तरी पास होऊन आली आणि पुन्हा समोर उभी राहून धूर सोडू लागली. मग आबांचा एक माणूस माझ्या दुकानात आला. शाळेच्या प्रश्नपत्रिकांच्या प्रती माझ्याकडे निघत. त्याने त्यांची चौकशी केली, गोड हसला आणि बाहेरच्या वायरकडे पाहत म्हणाला, “वीज जास्त जात असेल ना, साहेब?”

मी घाबरलो. हे सरळ लिहितो, कारण दुसरा शब्द नाही. दुपारी शकूताईंकडे गेलो आणि म्हणालो, “ताई, लोड फार होतोय, मशीन ट्रिप होतं, जरा काही दिवस...” त्यांनी मला वाक्य पुरं करू दिलं नाही. उठल्या, माझ्या दुकानात आल्या, स्वतः पिन काढली, वायर हातावर गुंडाळली, टेबलावर ठेवली. “इतकी वर्सं दिलीत, लय झालं,” एवढंच म्हणाल्या. आवाजात टोमणा नव्हता. असता तर मला बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी रिक्षातून एक जुनी बॅटरी आणि इन्व्हर्टर घेऊन त्या हजर, आणि केंद्र ठरल्या वेळी उघडलं. माझी लाज मात्र माझ्या टेबलावर त्या वायरसारखीच पडून राहिली.

पंधरा दिवसांनी, शाळा सुटायच्या वेळेला, आबा स्वतः आले. बरोबर चार-पाच माणसं. पोरं रांगेत, पोरांना न्यायला आलेले आई-बाप दुचाक्यांवर, मागे ती बस चालू. बघणारे पुष्कळ आहेत हे पाहूनच त्यांनी ती वेळ निवडली असणार.

“बाई,” आबा मोठ्याने म्हणाले, “लोकांच्या गाड्या नापास करता. तुमच्या या डब्याचं काय? रोज सकाळी सुरू होताना निळा धूर सोडतो, आमच्या पोरांनी व्हिडिओ काढलाय. हिला पास कुणी केलं? तुम्हीच ना?”

माणसं हसली. मी दुकानाच्या दारात उभा होतो. मला वाटलं होतं, शकूताई आता फाडकन उत्तर देतील. त्यांनी आधी व्हॅनभोवती एक चक्कर मारली, मागे जाऊन सायलेन्सरमध्ये बोट फिरवलं आणि ते बोट पाहत राहिल्या.

“खरं हाय,” त्या म्हणाल्या. “चार म्हैन्यामागं पास हुती, कागद हाय. पन गेलं पंधरा दिस निळं सोडती. मला दिसतंय. उद्या बघू, उद्या बघू म्हनत हुते. समद्यास्नी नापास केलं आन् सोताला मुदत दिली.”

एवढं बोलून त्यांनी नळी सोडवली आणि आपल्याच व्हॅनच्या सायलेन्सरमध्ये खुपसली. मग आबांकडे चावी धरली. “बसा. तुमीच रेस द्या.”

आबांना हे अपेक्षित नव्हतं. इतक्या लोकांसमोर नाही म्हणता येईना. पांढऱ्या कपड्यांत ते व्हॅनमध्ये चढले.

“रेस द्या! पुरी! आबा, लाजू नगा!”

यंत्र कुरकुरलं. शकूताईंनी आकडे मोठ्याने वाचले, शेवटच्या पोरापर्यंत ऐकू जातील इतक्या मोठ्याने. नापास. त्यांनी चिठ्ठी छापली. खाली लिहिलं : कारण : मालकिणीचा आळस. उपाय : गाडी बंद. माझ्या दुकानात येऊन डिंकाची बाटली घेतली आणि ती चिठ्ठी व्हॅनच्या पुढच्या काचेवर, मधोमध, चिकटवली. मग चावी काढून कंबरेला खोचली.

“झालं तर,” आबा उतरत म्हणाले. “केंद्र संपलं तुमचं.”

“व्हय. ही गाडी आता रस्त्यावर जानार न्हाई. माझं झालं.” त्यांनी नळी ओढून घेतली आणि चार पावलांवरच्या बसच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या. “आता तुमची. या, रेस द्या.”

पण इन्व्हर्टर मधेच शिट्टी वाजवून बंद पडला. जुनी बॅटरी, तिचा जीव तो किती. यंत्राचा पडदा काळा झाला. आबांच्या माणसांचे चेहरे उजळले. त्या वेळी मी काय विचार केला ते मला आठवत नाही. टेबलावरची वायर घेतली, पिन लावली आणि दुसरं टोक घेऊन रस्त्यापर्यंत पळालो. शकूताईंनी माझ्याकडे न पाहता ते घेतलं. “लोड हुईल भाऊ,” म्हणाल्या. “होऊ दे,” मी म्हणालो. इतकं धाडसाचं वाक्य मी आयुष्यात दुसरं बोललेलो नाही.

बसची तपासणी झालीच नाही. ड्रायव्हरने घाबरून इंजिन बंद केलं आणि ते पुन्हा सुरू झालं नाही. पण त्या अचानक शांततेत एका बाईने आपल्या मुलीचा हात धरून तिला रांगेतून बाहेर काढलं. मग दुसरीने काढलं. पाच मिनिटांत रांग रिकामी झाली. आठवडाभर एकही पोर त्या बसमध्ये चढलं नाही, आणि मग आबांना नवा पंप बसवावा लागला. त्या आठवड्यात पालक आपापल्या दुचाक्यांवर पोरं सोडायला येत, शकूताईंना नमस्कार करत, आणि कौतुकाच्या भरात म्हणत, ताई, आमचीही बघा ना गाडी. त्यांनी बघितल्या. निम्म्या नापास केल्या. नमस्कार जरा कमी झाले.

नव्या इंजिनाचा खर्च झेपणारा नव्हता, त्यामुळे व्हॅन कडुनिंबाखाली विटांवर चढली ती कायमची. चालती गाडी नाही म्हणून फिरत्या केंद्राचा परवाना गेला. मग मी दुकानाचा अर्धा भाग मोकळा करून दिला आणि कायमच्या जागेचा नवा परवाना आला. मधले दोन महिने त्या माझ्याकडे झेरॉक्स काढत होत्या. पानं सरळ यायची, पण गिऱ्हाइकाच्या अर्जात चूक दिसली की खाली कारण लिहायच्या.

पुढची तीन वर्षं आम्ही एका छपराखाली काढली. या तीन वर्षांतच त्यांचा खोकला वाढला. आधी वाक्याच्या शेवटी यायचा, मग मध्ये यायला लागला. तीस वर्षं त्या सायलेन्सरच्या मागे उभ्या होत्या. मी म्हणायचो, तोंडाला काहीतरी बांधा, तर म्हणायच्या, बांधलं तर वास कसा कळंल? शेवटी मुलीने पुण्याहून येऊन हट्ट केला, आणि आम्ही त्यांना दवाखान्यात नेलं.

तिथे फुप्फुसाची तपासणी असते. तोंडात एक नळी धरायची आणि जोरात फुंकायचं. यंत्र आकडे देतं. तपासणारी मुलगी विशीतली. ती म्हणाली, “मावशी, पूर्ण फुंका, सोडू नका, अजून, अजून...” शकूताईंनी नळी तोंडातून काढली आणि इतक्या हसल्या की खोकल्याची उबळ आली. माझ्याकडे बघून म्हणाल्या, “भाऊ, ही पोरगी मला रेस द्या म्हनती!” मग पुन्हा नळी धरली आणि डोळे मिटून फुंकलं. पुरी रेस दिली. तीनदा दिली. तपासणारी मुलगी पडद्याकडे पाहून हलक्या आवाजात म्हणाली, “ठीक आहे मावशी, डॉक्टर सांगतील.”

“डॉक्टर सांगंल ते सांगंल. कागद खरा छाप बाई,” शकूताई म्हणाल्या. “दया करू नगंस.”

डॉक्टरांनी रस्ता आणि धूर कायमचा बंद सांगितला. मुलगी पुण्याला चला म्हणत होती. शकूताईंनी यंत्र माझ्या हाती सोपवलं आणि खंडाळ्याचं घर निवडलं. “घाट बघत बसंन. कुनाचं काय बिघडलंय सांगायला मानूस लागतंच की तिथं.” मी म्हणालो, तिथे धूर नाही का? तर म्हणाल्या, “हाय म्हनूनच चाललेय.”

निघायच्या दिवशी त्या सकाळी लवकर दुकानात आल्या, मूर्ती फडक्याने पुसून पिशवीत ठेवली, आणि मी त्यांना स्टँडवर सोडायला गेलो. माझ्याच स्कूटरवरून. बसण्याआधी त्यांनी मागे वाकून सायलेन्सर पाहिलाच. बस लागलेली होती आणि इंजिन चालू होतं. कंडक्टर हाका मारत होता, “ओ मावशी, चला, बसा!” शकूताई दाराशी नाही गेल्या. पिशवी घेऊन सावकाश बसच्या मागे गेल्या, धुराकडे पाहिलं, मग तितक्याच सावकाश ड्रायव्हरच्या खिडकीखाली येऊन उभ्या राहिल्या.

“सुटायला किती येळ हाय?”

“दहा मिन्टं.”

“मग बंद करा. मी चढत न्हाई.”

ड्रायव्हरने त्यांच्याकडे पाहिलं. खाकी शर्ट, दोरीचा चष्मा, धाप लागलेली, पण जागेवरून तसूभर न हलणारी ती म्हातारी. त्याने चावी फिरवली. सगळ्या फलाटावर एकदम कबुतरांचा आवाज ऐकू यायला लागला. मग त्या एकेक पायरी थांबत वर चढल्या आणि खिडकीशी बसल्या. दहा मिनिटांनी बस निघाली तेव्हा त्यांनी मला हात केला नाही. डोकं बाहेर काढून मागे, सायलेन्सरकडे पाहत होत्या. वळणावर ओरडल्या, “बरी हाय ही!” आणि बस दिसेनाशी झाली.

दुकानात परत आलो तर काचेपाशी दोन गिऱ्हाइकं थांबून काहीतरी वाचत होती. सकाळी मी स्कूटर बाहेर काढत असताना त्यांनी माझा डिंक घेतला असावा. व्हॅनची ती जुनी, पिवळी पडलेली नापासाची चिठ्ठी त्यांनी व्हॅनवरून काढून माझ्या काचेवर लावली होती. तिच्या शेजारी दवाखान्याचा कागद होता, त्यांच्या फुप्फुसांचा, सगळ्या आकड्यांसकट. डॉक्टरांचा शिक्का होता, सही होती, आणि त्याखाली बॉलपेनने, जोर देऊन, दोन ओळी :

कारण : बाहेर उभी आहे ती तुमची गाडी.

उपाय : ती घेऊन आत या. फोटो चालणार नाही.